हात लावू नका, जादू जाईल!

अहो, ऐकलंत का? इकडे न्यू जर्सीत चांगल्या शिकल्यासवरल्या, दिवसा बँकांच्या सिस्टिमा सांभाळणाऱ्या आणि श्रावणात सत्यनारायण घालणाऱ्या मराठी बायका डिसेंबर लागला की रात्री साडेअकराला दिवे मालवून स्वयंपाकघरात चवड्यांवर चालायला लागतात. हातात मैद्याचा डबा. ओट्यावर मैदा पसरायचा, फूटभर लांबीचा एक बाहुला त्यात उताणा निजवायचा, त्याचे हातपाय फाकवून वरखाली फिरवायचे आणि मग दोन पावलं मागं सरून मोबाइलवर फोटो काढायचा. मैदा म्हणजे बर्फ, आणि हातपाय फिरवल्यावर त्यात उमटते ती म्हणे परी. मी ऐकीव सांगत नाही. आमच्या घरचा मैदा संपला होता म्हणून मी हे कणकेत केलं. परी गव्हाळ निघाली.

या बाहुल्याला म्हणतात एल्फ ऑन द शेल्फ. एल्फ म्हणजे सांताक्लॉजच्या कारखान्यात खेळणी बनवणारा बुटका गडी, आणि शेल्फ म्हणजे आपली फळी. नोव्हेंबरातला चौथा गुरुवार, म्हणजे थँक्सगिव्हिंग, उलटला की हा घरोघर अवतरतो. दिवसभर फळीवर बसून मुलं कशी वागतात ते बघतो, रात्री उडत उत्तर ध्रुवावर जाऊन सांताकडे चुगल्या करतो आणि उजाडायच्या आत परत येतो. सकाळी तो नव्या जागी सापडला पाहिजे, तोच तो जाऊन आल्याचा पुरावा. आपला चित्रगुप्त बरा म्हणायचा. तो हिशेब निदान मेल्यावर काढतो.

दिसायला कसा, तर लाल अंगरखा, लाल टोकदार टोपी, गालांवर लाली आणि नजर तिरकी. त्या नजरेवर माझा पहिल्यापासून राग आहे. सरळ तोंडाकडे म्हणून बघायचा नाही. लग्नात कुणी किती जिलब्या वाढून घेतल्या हे बोलता बोलता मोजणाऱ्या आत्याबाई असतात ना, थेट तशी नजर.

हे सगळं सुरू केलं जॉर्जिया राज्यातल्या एका आईनं आणि तिच्या मुलींनी. कॅरल एबरसोल्ड यांच्या घरी १९७०च्या दशकापासून फिस्बी नावाचा असा एक एल्फ होता. मुली मोठ्या झाल्यावर चांदा बेल या मुलीनं आईबरोबर त्याची गोष्ट यमकात लिहिली. (चांदा हे तिचं खरंच नाव आहे, चंद्रपूरशी संबंध नाही.) प्रकाशकांनी गोष्ट नाकारली, तेव्हा घरच्यांनी पदरचे पैसे घालून २००५ साली पुस्तक आणि बाहुला एका खोक्यात घालून विकायला काढला. २०१२ साली न्यूयॉर्कच्या मेसीज थँक्सगिव्हिंग परेडमध्ये याचा फुगा आकाशात तरंगत होता. सात वर्षांत फळीवरून आभाळात! आमच्या ओळखीत इतक्या वर्षांत ग्रीन कार्ड होत नाही.

आणि त्याचं सोवळं ऐका. मुलांनी याला हात लावायचा नाही. हात लागला की जादू गेली. चुकून लागलाच तर प्रायश्चित्त आहे: सांताला माफीचं पत्र लिहायचं आणि बाहुल्याच्या शेजारी दालचिनीची पूड भुरभुरवायची. दालचिनी! आमची आजी विटाळ झाला की गोमूत्र शिंपडायची, तेव्हा मी नाक मुरडून तिच्याशी वाद घालायचे. आता तीच मी, कॉम्प्युटर सायन्सची पदवी घेतलेली, धाकट्याचं बोट लागलं म्हणून रात्री दहाला मसाल्याच्या डब्यातून दालचिनीचे तुकडे काढून मिक्सरला लावते. वर मनात येतं की अर्धा चमचा पुरेल की एक.

आमच्याकडे हे ध्यान आलं ते थोरलीच्या रडण्यानं. दुसरीत होती. शाळेतून आली ती डोळे लाल करूनच. वर्गात सगळ्यांकडे एल्फ येतो, आपल्याकडे येत नाही, म्हणजे सांतानं आपलं घर यादीतच धरलेलं नाही. मी म्हटलं, "अगं, आपल्याकडे गणपती येतात की." ती म्हणाली, "गणपती दीड दिवसात जातात, आई. एल्फ महिनाभर राहतो."

यावर काय बोलणार? नवरा तर त्याच संध्याकाळी तीसेक डॉलर मोजून खोकं घेऊन आला. नाव ठेवल्याशिवाय एल्फमध्ये जादू येत नाही असं पुस्तकात लिहिलेलं, तेव्हा रीतसर बारसं झालं. पाळणा तेवढा म्हटला नाही. मुलांनी नाव ठेवलं जिंगल.

आता मुद्द्याचं सांगते. हा हेर मुलांवर नजर ठेवतो, हे साफ खोटं आहे. मुलं चार दिवस बिचकतात. पाचव्या दिवशी आमचा धाकटा त्याच्या तिरक्या डोळ्यांदेखत बहिणीची वेणी ओढत होता. नजर असते ती आईवर. शाळेच्या दारात बर्फाळ वाऱ्यात उभ्या असलेल्या दुसऱ्या आया विचारतात, "तुमच्या एल्फनं काल काय केलं?" तुम्ही सांगता, "पुस्तकांच्या कपाटावरून टीव्हीवर गेला." समोरची म्हणते, "ओह, नाइस!" त्या नाइसमध्ये काय काय असतं! पाहुणे मुलगी बघून गेल्यावर 'कळवतो' म्हणायचे, त्यात असायचं ते सगळं असतं. आणि बाबांना कुणी विचारत नाही बरं का. बाबांचा एल्फ कुठंही बसला तरी बाबांचं कौतुकच होतं, की बघा, त्यांनी हलवला!

एक बाई आहेत. नाव सांगत नाही. मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात निवेदन करतात एवढंच सांगते, बाकी तुम्ही ओळखाल. त्यांची एक्सेल शीट आहे. चोवीस ओळी, आणि रकाने असे: जागा, साहित्य, लागणारा वेळ, मागच्या वर्षी झालं आहे का. त्यांच्याकडे एल्फ छोट्या मार्शमेलोंनी भरलेल्या भांड्यात आंघोळ करतो, कँडी केनला लोंबकळून दोरीवरून पंख्यापासून जिन्यापर्यंत घसरत येतो. दुसऱ्या एकीनं हीच घसरगुंडी दोन दिवसांनी आपल्याकडे केली, तर पॉटलकला दोघी एकमेकींशी बोलेनात. उंधियूची कढई दोघींच्या मधे ठेवली होती आणि वाढायला कुणी पुढं होईना. शेवटी नवऱ्यांनी वाढून घेतलं.

तिसरी मात्र खरी गुणाची. तिच्या एल्फच्या पायाला बँडेज आहे. शेजारी चिठ्ठी: बर्फावरून घसरलो, सांताच्या डॉक्टरांनी नऊ दिवस हलू नका म्हणून सांगितलं आहे. नऊ दिवस! तिला माझा साष्टांग दंडवत. २०२० सालच्या डिसेंबरात अशी सोय सगळ्यांनाच होती. तेव्हा कित्येक घरांतले एल्फ काचेच्या बरणीत चौदा दिवस विलगीकरणात बसले होते. करोनाच्या साथीनं जगाचं काय काय हिरावून नेलं, पण आमच्यातल्या काहीजणी तो पंधरवडा अजून हळूच आठवतात.

आणि चौथीचं ऐकून तर मी कपाळाला हात लावला. तिला वाटलं, आपण आपलं काहीतरी मिसळू. दिवाळीतला किल्ला अजून गॅरेजमध्ये होता. तिनं दाखवलं की मावळ्यांनी एल्फला शत्रूचा हेर म्हणून पकडला आणि दोरीनं बांधून गडावर कैदेत टाकला. पोरगा बेहद्द खूश. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं विचारलं, "मावळे रात्री कुठं गेले होते?" झालं. आता तिला रोज रात्री एल्फबरोबर अकरा मावळेही हलवावे लागतात.

आमचा यासाठी व्हॉट्सअॅपवर ग्रुप आहे. रात्री अकराला दहा कमी असताना त्यावर एकच शब्द येतो: "हलवला?" मग बारा ठिकाणांहून "अगं बाई!", "देवा!", "आत्ताच अंथरुणात शिरले होते" असे निःश्वास. घर अडुसष्ट फॅरनहाइटवर ठेवलेलं, दुलई नुकती कुठं ऊबदार झालेली, बाहेर साडेचारपासून अंधार. त्यातून उठून एका बाहुल्यासाठी जिना उतरायचा. रात्री देवांना निजवणाऱ्या देशातून येऊन इथं मी बाहुल्याला उठवायला जाते.

आता तुम्ही म्हणाल, ही सगळी कामचुकार बायकांची रडगाणी. तसं नाही. लॉरा पिंटो आणि सेलिना नेमोरिन या अभ्यासक बायकांनी २०१४ साली कॅनडात यावर गंभीर लेख लिहिला. त्यांचं म्हणणं, आपल्यावर सतत कुणीतरी पाळत ठेवतंय आणि ते योग्यच आहे, याची सवय हा बाहुला मुलांना लावतो. वाचताना मी दर वाक्याला मान डोलावत होते. मग दारावरचा कॅमेरा आठवला, लिव्हिंग रूममधला आठवला, नवऱ्याच्या फोनवर हलणारा माझा निळा ठिपका आठवला, आणि लेख मिटून ठेवला. दुसरे साक्षीदार न्यायाधीश आहेत. २०२१च्या नोव्हेंबरात जॉर्जियातल्या कॉब काउंटीचे न्यायमूर्ती रॉबर्ट लेनर्ड यांनी गमतीनं हुकूम काढून सगळ्या एल्फना काउंटीतून हद्दपार केलं. थकल्याभागल्या पालकांना ही आपली भेट, असं म्हणाले. बघा, माहेरच्याच राज्यातून तडीपारी!

धंदा मात्र कमी झालेला नाही. एल्फचे कपडे वेगळे मिळतात, एल्फचं रेनडिअर वेगळं, कुत्रा वेगळा. ज्यू मंडळींनी मेन्श ऑन अ बेंच नावाचा दाढीवाला भला माणूस काढला, तो हनुक्काला बाकावर बसतो. आपल्याकडच्या कुणी अजून फळीवरचा नारद काढला नाही याचं मला नवल वाटतं. चिपळ्या वेगळ्या विकता येतील.

गेल्या वर्षी यात पडल्या आमच्या सासूबाई. इकडे येणारी वडीलधारी मंडळी सहसा एप्रिलात येतात आणि पानगळ बघून परततात. सासूबाईंना मात्र बर्फ बघायचा होता, म्हणून त्या साताऱ्याहून ऐन ऑक्टोबरात चार स्वेटर आणि दोन कानटोप्या घेऊन उतरल्या. २०२५ साली मार्गशीर्षातला पहिला गुरुवार आणि थँक्सगिव्हिंग एकाच दिवशी आले. समोरच्या घरी टर्की भाजत होती आणि आमच्याकडे महालक्ष्मीचा घट मांडलेला. सासूबाईंनी दार-खिडक्या लावून घेतल्या आणि उपास निभावला. एल्फ त्याच आठवड्यात अवतरला. नाव ऐकून त्या म्हणाल्या, "झिंग्या?" तेव्हापासून तो झिंग्याच.

दुसरा गुरुवार चार डिसेंबरचा, आणि त्याच दिवशी दत्तजयंती. आदल्या रात्री माझं ऑफिसचं काम दोनपर्यंत चाललं, झिंग्या हलवायचा राहिला. पहाटे नवरा पाणी प्यायला उतरला तेव्हा त्याला आठवण झाली, आणि तेवढ्यात जिन्यात धाकट्याची पावलं वाजली. त्यानं हातातला बाहुला समोर दिसेल त्या फळीवर कोंबला. आता आमचा देव्हारा म्हणजे पँट्रीतलीच एक फळी आहे, इकडे बहुतेकांचा असतो तसा. नंतर त्याचा बचाव काय, तर "खोक्यावर शेल्फच लिहिलंय."

सासूबाई सहाला आंघोळ करून, रेशमी नेसून पूजेला आल्या. दिवा लावला. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, दत्ताची तसबीर, आणि मधोमध झिंग्या, पायावर पाय टाकून अन्नपूर्णेकडे तिरका बघत बसलेला.

"अगं बाई बाई बाई! हे काय मांडलंय माझ्या देवांत?"

त्यांनी त्याला उचलायला हात पुढं केला, तर मागून धाकटा किंचाळला, "आजी, शिवू नकोस! जादू जाईल!"

जन्मभर दुसऱ्यांना "शिवू नको" म्हणत आलेल्या बाईला ते पहिल्यांदाच उलट ऐकावं लागलं. हात तसाच हवेत राहिला. मी दारात उभी, नवरा माझ्या मागं लपलेला. सासूबाईंनी एकदा नातवाकडे पाहिलं, एकदा झिंग्याकडे, आणि म्हणाल्या, "बसू दे मेल्याला. पण मांडी घालून बसायला सांग." आणि त्याला वगळून, म्हणजे त्याच्या डावीकडून गंध लावत, त्याच्या टोपीवरून हात नेत, पाण्याचा एक थेंब त्याच्यावर पडू न देता त्यांनी सगळी पूजा केली. संध्याकाळी दत्तजन्म झाला. सुंठवडा सगळ्यांना मिळाला. झिंग्यापुढंही चिमूटभर ठेवलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला.

मग त्यांनी गुरुवारची कहाणी वाचली. त्यात महालक्ष्मी म्हातारीच्या वेषात राणीच्या दाराशी येते आणि राणी तिला घालवून देते. धाकटा लक्ष देऊन ऐकत होता. "म्हणजे ती पण चेक करायला आली होती?"

"हो."

"मग तिनं रिपोर्ट कुणाला दिला?"

"कुणाला कशाला देईल? ती स्वतःच मालकीण आहे."

धाकट्यानं झिंग्याकडे जरा दयेनं पाहिलं.

आता खरी बातमी पुढंच आहे. सासूबाई पहाटे चारला उठतात, साताऱ्यात काय आणि इथं काय. पाच डिसेंबरपासून झिंग्या आपोआप हलायला लागला. मी उठून खाली यावं तर हा परातीत बसून तांदूळ निवडतोय. एकदा कुकरच्या झाकणावर बसून शिट्ट्या मोजत होता. एकदा कापूस पुढ्यात घेऊन वाती वळत होता, आणि वळलेल्या वाती शेजारी नीट ओळीनं! "थंडीचा उघड्या मानेनं फिरतो," म्हणून उरलेल्या लोकरीची त्याला कानटोपी झाली, टोपीवरून घालायची. हात न लावायचा नियम मुलांना आहे, पहाटे चारला आजीला नाही, हे त्यांनी पुस्तक माझ्याकडून वाचून घेऊन आधीच पक्कं केलं होतं.

वाती वळणाऱ्या झिंग्याचा फोटो मी ग्रुपवर टाकला ही माझी चूक. अर्ध्या तासात एक्सेलवाल्या बाईंचा फोन. बारा वर्षांत त्यांनी मला स्वतःहून फोन केलेला नव्हता. "वाती कुठल्या गं? ओक ट्री रोडच्या देशी दुकानांत मिळतात का?" आठवड्याच्या आत तीन घरांत एल्फ वाती वळत होते, आणि एकात तर चक्क पुरण वाटत होता. बँडेजवालीच्या एल्फचा पाय मात्र अजून बरा झाला नव्हता.

शाळेला सुट्टी लागली ती चोवीसला. सुट्टी म्हणजे हीटरवर वाळत घातलेले ओले हातमोजे, दर दोन तासांनी "आई, भूक", आणि एका रंगाचे पायजमे घालून सगळ्या कुटुंबाचा फोटो. सासूबाईंनी पायजमा नेसूच्या लुगड्यावरून चढवला, आणि फोटो तसाच निघाला. त्या रात्री मुलं कॉम्प्युटरवर सांता कुठवर आला ते बघत बसली. १९५५ पासून उत्तर अमेरिकेचं हवाई संरक्षण दल दर वर्षी त्याचा माग मुलांना सांगत आलं आहे. सासूबाई म्हणाल्या, "पोरांवर झिंग्याची नजर, झिंग्यावर सांताची, सांतावर लष्कराची. मग लष्करावर कोण?"

चोवीसच्या रात्री एल्फ उत्तर ध्रुवावर परत जातो. आमच्याकडून तो दहीभाताची शिदोरी घेऊन गेला. सासूबाईंनी फळी जराशी हलवून "पुनरागमनाय च" म्हटलं, धाकटा रडला, आणि मुलं झोपल्यावर मी झिंग्याला कपाटाच्या वरच्या कप्प्यात पैठण्यांच्या मागं ठेवून दिलं. सासूबाई मार्चमध्ये साताऱ्याला परतल्या. अजूनही फोनवर विचारतात, "झिंग्याजवळ डांबराच्या गोळ्या ठेवल्यास ना? लोकरीला कसर लागते."

या डिसेंबरात त्यांचं येणं नाही. गुडघ्यांचं ऑपरेशन आहे. धाकट्यानं मात्र आत्ताच विचारून ठेवलं आहे की झिंग्या यंदा काय निवडणार. तेव्हा ही एक विनंती: एडिसनच्या आसपास हिवाळ्यात कुणाच्या सासूबाई येत असतील आणि पहाटे चारला उठत असतील, तर कृपया कळवा. आठवड्यातले दोन दिवस मिळाल्या तरी चालेल. न्यायला-आणायला गाडी आमची, कणीकही आमची.